गोव्यात पोरांना मकाव, इग्वाना दाखवायचेत? निघण्याआधी हे वाचा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कोल्हापूरहून माझी नणंद दोन्ही पोरांना घेऊन आमच्याकडे डिचोलीला आली. समुद्र दोन दिवसांत संपला. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटा माझ्यापुढे मोबाईल धरून उभा. "मामी, हा निळा-पिवळा पोपट गोव्यात आहे. खांद्यावर बसतो. आज जायचं." मी काही न विचारता, न बघता सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि थेट बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. दोन चुका एकदम झाल्या. एक तर तो गुरुवार होता आणि बोंडला गुरुवारी बंद असतं. दुसरं म्हणजे उघडं असतं तरी तो पोपट तिथे नव्हताच.

त्यानंतर पाहुण्यांना घेऊन अशा ठिकाणी माझ्या सहा-सात फेऱ्या झाल्या. कुठे मन भरलं, तर एका ठिकाणाहून अर्ध्या तासात बाहेर पडावं लागलं. नव्याने जाणाऱ्याला जे कुणी सांगत नाही, ते खाली क्रमाने लिहिलंय.

१. नक्की काय बघायचंय, ते आधी ठरवा

गोव्यात सरकारी प्राणिसंग्रहालय एकच, बोंडल्याचं. सुमारे आठ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यातच ते आहे. तिथे प्रामुख्याने आपल्याकडचे प्राणी दिसतात: गवा (हा गोव्याचा राज्यप्राणी), सांबर, चितळ, बिबट्या, मगर, साप. झाडी दाट आहे, चालायला मजा येते. पण "विदेशी" काही बघायचं म्हणून गेलात तर पोरं हिरमुसणार.

मकाव (मोठे रंगीत पोपट), काकाकुवा, इग्वाना (मोठे सरडे), इमू हे सापडतात ते घरच्या माणसांनी चालवलेल्या छोट्या जागांत. कुणाचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) असतं, कुणाची काजूची बाग. त्यातच वीस-पंचवीस पिंजरे, एक मोठी जाळी, ससे आणि गिनीपिगांचं कुंपण, बाजूला सोलकढी आणि भजी देणारी पडवी. तिकिटं घरातली सून फाडते, पक्ष्यांकडे सासरे बघतात. अशी जागा तासा-दीड तासात बघून होते. म्हैसूरसारखं काहीतरी डोक्यात ठेवून गेलात तर "एवढंच?" म्हणून परताल.

दोन्ही एकाच दिवशी उरकायचा मोह टाळा. दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत पोरं झोपतात, आणि मोठी माणसं चिडतात.

२. फोन करा, आणि हे प्रश्न विचारा

छोट्या जागेचं वेळापत्रक घरावर चालतं. घरात लग्न असेल, चतुर्थी असेल, एखादा पक्षी आजारी असेल, तर फाटक बंद. इंटरनेटवर "उघडे आहे" दिसलं म्हणून निघू नका. आदल्या संध्याकाळी फोन करून विचारा:

- उद्या उघडं आहे का, आणि किती ते किती?
- तिकीट माणशी किती? खाऊ घालण्याचे, फोटोचे, पक्षी हातावर घेण्याचे पैसे वेगळे का?
- किती वयाच्या पोरांना प्राणी हाताळू देता?
- एका वेळी किती माणसं आत सोडता?
- आजीला चालवेल अशी वाट आहे का? कुळागरात चढउतार आणि शेवाळ दोन्ही असतं.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराकडे नीट कान द्या. "सगळं हातात देतो हो, कितीही वेळ, कसलाच त्रास नाही," असं ऐकू आलं तर मी तिथे जात नाही. आमच्या आवडत्या जागेच्या म्हाताऱ्या मालकाने मला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, "तीन वर्षांच्या खाली मकाव नाही. दुपारी बारानंतर कुठलाच पक्षी हातावर नाही. आणि जास्त माणसं असली तर थांबावं लागेल, बाय." तेव्हा मला तो तुसडा वाटला. आता कुणाला जागा सुचवताना मी एवढंच बघते, की तिथला माणूस "ना" म्हणू शकतो की नाही.

३. कागद विचारायला लाजू नका

हा भाग कंटाळवाणा आहे, पण गोची इथेच होते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. प्राणिसंग्रहालय चालवायला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात आणखी एक भर पडली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या परदेशी प्रजातींची वेगळी यादी कायद्याला जोडली गेली आणि असे प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचं बंधन आलं. नोंदणीचे नियम २०२४ मध्ये निघाले आणि ती परिवेश नावाच्या सरकारी पोर्टलवर होते. बहुतेक मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे पोपट, हिरवा इग्वाना, बॉल पायथन (छोटा अजगर) हे सगळे त्यात येतात. तेव्हा "नोंदणी झालीय का?" हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. नीट चालवणारा माणूस उलट खूश होऊन फाईल उघडतो.

साध्या पाहुण्याला चटकन ओळखता येईल अशी खूण वेगळीच आहे. परदेशी पक्ष्यांच्या शेजारी आपला हिरवा पोपट, म्हणजे राघू, पिंजऱ्यात दिसला किंवा पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव टबात दिसलं, तर सावध व्हा. हे दोन्ही भारतातले संरक्षित प्राणी आहेत. घरी किंवा खाजगी जागेत ठेवणं हा गुन्हा आहे, मग "जखमी सापडला म्हणून सांभाळलाय" अशी गोष्ट कितीही गोड सांगोत. अशा ठिकाणी तिकीट काढू नका. वाद घालत बसण्यापेक्षा वनखात्याला कळवा.

४. दिवस आणि वेळ

बोंडल्यासाठी एकच गोष्ट पाठ करा: गुरुवार नाही. खाजगी जागांची सुट्टी ज्याची त्याची, बऱ्याचदा सोमवारी किंवा मंगळवारी.

सकाळी नऊ ते अकरा ही वेळ पक्ष्यांची. खाणं नुकतंच झालेलं असतं, आवाज चालू असतो, रंगही त्या उन्हात खुलतात. दुपारी गोव्याची दमट हवा माणसाला सोसवत नाही, तर त्यांची काय कथा. पक्षी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून जरा लांब धरून बसला असेल तर तो "पोज" देत नसतो, त्याला उकडत असतं. इग्वानाचं मात्र उलटं. त्याचं रक्त थंड, त्यामुळे सकाळी तो फांदीवर मेल्यासारखा पडलेला असतो आणि अंगाला ऊन लागल्यावरच हलायला लागतो. म्हणून आम्ही आधी पक्षी बघतो आणि साडेदहाच्या पुढे सरड्यांकडे जातो.

शुगर ग्लायडर (झाडावरून झाडावर तरंगत जाणारा छोटा प्राणी) आणि हेजहॉग (काटेरी अंगाचा छोटा प्राणी) हे निशाचर. दिवसा ते झोपलेले दिसले तर तसंच असायला हवं. फोटोसाठी त्यांना पिशवीतून उपसून काढणारी जागा दिसली तर ती नजरेत ठेवा आणि पुन्हा जाऊ नका.

जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा. पावसात वाटा निसरड्या होतात, पक्षी आतल्या खोल्यांत हलवलेले असतात आणि जळवा तुमच्याआधी पोचतात. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडाही नको, तेव्हा गर्दीमुळे सगळ्यांचीच डोकी फिरलेली असतात.

५. जायचं कसं

पणजीहून बोंडला साधारण पन्नास किलोमीटर. फोंड्याहून बेळगावच्या दिशेने महामार्ग धरायचा आणि तिस्क-उसगावला आत वळायचं. आम्ही डिचोलीहून साखळी-होंडा करून उसगाव गाठतो. कोल्हापूरकडून तिलारी घाटाने येत असाल तर दोडामार्गावरून डिचोलीत उतरता, म्हणजे पणजीला जायची गरजच नाही. शेवटचा टप्पा जंगलातला आणि वळणांचा आहे. गाडी लागणाऱ्या पोरांना त्याआधी पोटभर खायला घालू नका. (आमच्या गाडीच्या मागच्या सीटला अजून त्या दिवसाची आठवण आहे.)

खाजगी जागांचे नकाशे भरवशाचे नसतात. एकदा मोबाईलने आम्हाला दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगणात नेलं, तिथे एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी न विचारताच सांगितलं, "सुकणीं पळोवपाक? फाटीं वचात." (पक्षी बघायला? मागे जा.) म्हणजे रोजच कुणी ना कुणी त्यांच्या अंगणात गाडी घालतं. फोनवरच जवळचं देऊळ, शाळा किंवा तिठा विचारून घ्या. आणि निघण्याआधी नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, खोऱ्यात रेंज जाते.

भाड्याची गाडी घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी "मित्राची आहे म्हणून सांगा" असं शिकवून स्वस्तात देणारे भेटतात. पोलिसांनी अडवलं की दिवस गेला.

६. सोबत काय घ्यायचं

- गाडी चालवणाऱ्याचा परवाना, एखादं ओळखपत्र. पोरांना कमी तिकीट असेल तर वय दाखवायला काहीतरी.
- सुटे पैसे. रेंज नसली की ऑनलाईन पैसे जात नाहीत, आणि पाचशेची मोड कुणाकडे नसते.
- पाणी, पुसायला कपडा, साबणाची छोटी वडी. सॅनिटायझर आहे म्हणून साबण विसरू नका. हात मळलेले असले की सॅनिटायझर फारसा उपयोगी पडत नाही.
- फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट. बोंडल्याजवळच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडींतून पसरतो. म्हणून बोंडल्यात पालापाचोळ्यात बसू नका आणि घरी गेल्यावर पोरांचे पाय, काखा तपासा.

काय घ्यायचं नाही, तेही सांगते. लोंबते डूल, चमकदार क्लिपा, गळ्यातल्या साखळ्या घरीच ठेवा. मकावला चकाकणारं काहीही सोलून बघायचं असतं, आणि बदाम फोडणाऱ्या त्या चोचीपुढे कानाची पाळी ती काय! माझ्या डाव्या कानातली कुडी एकाने अशी अलगद काढली की मला कळलंसुद्धा नाही. मालकाने ती त्याच्या पायातून सोडवून, पुसून परत दिली. कान वाचला, हे नशीब. अंगाला अत्तर आणि हाताला डासांचं मलम लावून सरड्या-कासवांना हात लावायचा नाही. मलम लावायचंच तर पायांना, आणि हात धुऊन आत जा.

७. आत गेल्यावर

पहिली पाच मिनिटं नुसतं उभं राहा. पोरांनाही उभं करा. पिंजऱ्याचा तळ बघा, पाण्याची भांडी बघा, वास घ्या. शेणामुताचा वास येणारच, पण डोळे चुरचुरत असतील तर रोजची साफसफाई होत नाही. एखादा पक्षी छातीवर पिसांविना उघडा दिसला किंवा एखादा प्राणी त्याच चार पावलांत येरझाऱ्या घालत राहिला, तर कारण विचारा. पिसं उपटायची सवय पक्ष्याला कंटाळ्याने आणि ताणाने लागते. असा पक्षी आधीच्या मालकाकडून तसाच आलेला असू शकतो. चांगली माणसं ती हकीकत स्वतःहून सांगतात.

आता एकेकाबद्दल.

मकाव. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. हातावर घ्यायचा तर हात कोपरात वाकवून फांदीसारखा घट्ट धरायचा. हात डळमळला की तो चोचीने आधार शोधतो. आपल्याला वाटतं चावला, तो बिचारा कठडा धरत असतो. त्याच्या डोळ्यांतली बाहुली भराभर लहान-मोठी होताना दिसली तर तो चेकाळलाय. तेव्हा बोट पुढे करू नका.

इमू. ऑस्ट्रेलियातला, माणसाएवढा उंच, उडता न येणारा. खाऊ उघड्या तळहातावर सपाट धरायचा, चिमटीत नाही. इमूची मादी गर्द हिरवी अंडी घालते आणि नर आठ आठवडे त्यांवर बसतो, त्या काळात जवळपास काही न खाता. हे ऐकल्यावर आमच्या नणंदेने नवऱ्याकडे असं काही बघितलं की भावजी सरळ सशांकडे निघून गेले.

इग्वाना. वरून हात नेऊ नका. वरून येणारी सावली म्हणजे घार, हे त्याच्या हाडात भिनलेलं आहे. बाजूने, खालून हात न्या. शेपूट कधीच धरू नका. तो ती चाबकासारखी मारतो आणि फारच घाबरला तर तोडून सोडूनही देतो.

बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, बिनविषारी. घाबरला की स्वतःचा चेंडू करतो आणि डोकं मधोमध लपवतो. त्याने चेंडू केला की आपण थांबायचं. गळ्यात घालायचा हट्ट करणारे मामा, काका यांना आवरणं हे तुमचं काम.

मोठं आफ्रिकन कासव. त्याला उचलायचं नाही आणि पोरांना त्याच्यावर बसवायचं तर मुळीच नाही. घाबरलेलं कासव लघवी करून साठवलेलं पाणी गमावतं, हे मलाही मालकानेच सांगितलं.

ससे आणि गिनीपिग. सगळ्यात जास्त हाल यांचेच होतात, कारण यांना कुणी "जंगली" मानत नाही. पोराला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि प्राणी मांडीत द्या. उभ्याने हातात दिला आणि निसटला, तर सशाची पाठ मोडते.

प्रत्येक हाताळणीनंतर साबणाने हात. सरडे, साप, कासव यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, त्यांना त्याचं काही होत नाही, आपल्या पोरांना जुलाब होतात. पाच वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांनी नुसतं बघावं.

८. खाऊ तिथलाच

घरून काही न्यायचं नाही. पाव नाही, चिवडा नाही, शेंगदाणे नाहीत. चॉकलेट आणि अॅव्होकाडो पोपटांना विषासारखे आहेत. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना परस्पर खाऊ घालणं, डिवचणं, गोंगाट करून त्रास देणं हा कायद्याने गुन्हा आहे, बोंडल्यात तर हे कटाक्षाने पाळा. खाजगी जागेत मालक वाटीत मोजून देतील तेवढंच. वाटी संपली आणि पोराने आणखी मागितली, तर मालकाने "आतां जायना" म्हटलं पाहिजे. पैसे घेऊन तिसरी, चौथी वाटी देणारा माणूस प्राण्याच्या पोटाचा विचार करत नाही.

९. फोटो

फ्लॅश बंद. कॅमेऱ्याचे पैसे आधी विचारलेत ना? मग पुढे चला.

१०. चावलं, ओरखडलं तर

लपवू नका, पोरांनाही लपवू देऊ नका. "मालक रागावतील" या भीतीने आमच्या थोरल्याने सशाचा ओरखडा अर्धा दिवस खिशात ठेवला होता. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, कॉफीपूड काही भरू नका. नंतर जवळचं आरोग्य केंद्र. प्राणी सस्तन असेल, किंवा वाटेत माकडाने ओरबाडलं असेल, तर रेबीजच्या लसीचं डॉक्टरांना ठरवू द्या. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, पण त्या भरवशावर घरी बसायचं नाही. मोठी जखम असेल तर १०८ ला फोन. फोंडा आणि म्हापसा इथे सरकारी इस्पितळं आहेत, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज.

११. "मामी, आपण एक पाळूया?"

हा प्रश्न गाडीत बसल्यावर येतोच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. मकाव पन्नास वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. म्हणजे दहा वर्षांच्या पोराला आणून दिला तर तो त्याच्या निवृत्तीलाही ओरडत असणार, आणि त्याचा आवाज फ्लॅटच्या तीन मजल्यांना पुरतो. वर नोंदणी, कागद आणि पक्ष्यांचं कळणारा डॉक्टर शोधणं. हातात धरण्याएवढं इग्वानाचं पिल्लू शेपटीसकट पाच फुटांपर्यंत वाढतं. पार्कच्या बाहेर किंवा फोनवर "पिल्लू आहे, बिल नको, स्वस्तात देतो" म्हणणारा कुणी भेटला तर थांबूसुद्धा नका.

अगदीच ऐकत नसतील तर बजरीगरची जोडी, ज्यांना आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो, तिच्यावर भागवा. आम्ही तेच केलं. कोल्हापुरात दोघं आहेत आता, आणि पिंजरा नणंदच साफ करते.

१२. परतल्यावर

घरी कोंबड्या, बजरीगर किंवा दुसरे कुठलेही पक्षी असतील तर त्यांच्याकडे धावत जाऊ नका. बुटांचे तळवे दारातच साबणाच्या पाण्याने घासा, कपडे बदला, हात धुवा, मगच त्यांचं दाणापाणी. एका जागेची विष्ठा बुटाला लागून दुसऱ्या जागेचे पक्षी आजारी पडतात. आमच्या आवडत्या जागेत तर फाटकातच चुन्याच्या पाण्याची पसरट परात ठेवलेली असते. त्यात पाय बुडवून आत जा, आणि येतानाही बुडवा.